खुळखुळ्याचं रान

भुऱ्या तट्टू तिसऱ्या दिवशीही कुडाला कपाळ लावून उभा होता. त्याला बांधलेलं नव्हतं, पायबंदही नव्हता, तरी हलत नव्हता. पुढचे दोन्ही पाय मातीत रोवून तो कूड असा रेटत होता, जसं काही पलीकडून कोणी हाक मारत होतं आणि मधे हे घर उगाच आडवं आलं होतं. रेटून रेटून कुडाचं सारवण गळून पडलं होतं आणि त्याच्या कपाळावरचे केस झडून वाटीएवढी कातडी उघडी झाली होती.

हंसाबाईनं शेणाची पाटी खाली ठेवली. त्याच्या मानेला हात घालून तिनं त्याला वळवलं. तो वळला, चार पावलं चालला आणि त्यानं भलीमोठी जांभई दिली. आठ दिवस झाले, हा नुसत्या जांभया देत होता. पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावत नव्हता. तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. आत हळद फासल्यासारखं पिवळं होतं.

"बा," ओढणी पुढे ओढून ती अंगणातल्या बाजेकडे पाहत म्हणाली, "भुऱ्याचे डोळे पिवळे झाले."

बाजेवर तिचा सासरा धावजी बसला होता. म्हाताऱ्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लहानपणी त्यानं बापासोबत लदेणी केली होती, पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांमागं मुलूख पायी तुडवला होता. पुढं लदेणी संपली, तांडे शेतीला लागले. पण बोरखडीच्या तांड्यात धावजीच्या घरानं ओझ्याचा धंदा काही सोडला नाही. फुलसावंगीच्या बाजारातून मीठ, गूळ, घासलेट घ्यायचं आणि जिथं गाडी चढत नाही अशा डोंगरातल्या पाड्यांवर पोचवायचं, येताना डिंक आणि चारोळी आणायची. आता हे काम त्याचा मुलगा नेमसिंग करत होता, भुऱ्या आणि रेवडी या दोन तट्टांच्या पाठीवर. शिवाय गावातल्या सदाशिवराव पाटलांची घोडीही तोच चारायला नेई.

"पाटलाची घोडी कशी हाये?" धावजीनं विचारलं.

"तिचंही असंच. काल गोठ्यात गोल गोल फिरून राह्यली व्हती म्हनते."

एकोणसाठ सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पाऊस दसऱ्याच्या आधीच पाठ फिरवून गेला होता आणि डोंगरउतारावरचं गवत अवेळीच वाळलं होतं.

उन्हं वर आली तसा पाटलांचा सालदार देवराव तांड्यात आला. त्यानं दुरूनच हाक दिली, "नेमसिंग्या, चाल. पाटील बलावून राह्यले." नेमसिंग निघाला. हंसाबाईही मागं मागं गेली.

सदाशिवराव वाड्याच्या ओट्यावर उभे होते. खाली गावातली दहा-बारा माणसं जमली होती. आत गोठ्यात घोडीच्या टापा ऐकू येत होत्या, एकसारख्या, न थांबता.

"काय चारलं माह्या घोडीले?"

"जे माह्या भुऱ्यानं खाल्लं तेच, पाटील. तोही पडला हाये बिमार."

"तुह्या तट्टाचं मले कायले सांगतं? पोळ्याले घोडी नाचत व्हती माही. तुह्या हातात दिली न् हे असं झालं."

"म्या कायले काही करीन? पाच वर्सं झाले, पोटच्या पोरीसारखी..."

"देवराव, पाहाय रे त्याच्यापाशी काय हाये ते."

देवराव पुढं झाला. त्यानं नेमसिंगच्या कमरेचा बटवा ओढून काढला आणि सगळ्यांसमोर उलटा करून झटकला. सुपारीची खांडं, चुन्याची डबी, दाभण, खोगीर शिवायचा दोरा आणि जत्रेतला एक फुटका आरसा, एवढंच धुळीत पडलं. कोणीतरी फिसकन हसलं. देवरावानं पायानं डबी उलटवून पाहिली. चुना सांडला.

नेमसिंग खाली पाहत उभा राहिला. सहा फुटी माणूस. दोन मणांची गोणी एकट्यानं तट्टावर चढवणारा. त्याच्या मानेची शीर उडताना हंसाबाईला दिसत होती. तो वाकला नाही. मग तीच खाली बसली आणि एकेक वस्तू वेचून ओटीत घेऊ लागली. सुपारीची बारीक खांडंसुद्धा तिनं सोडली नाहीत. ती वेचून होईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं.

"छडा लागत नाही तवापर्यंत," पाटील म्हणाले, "तांड्याचं एकही जनावर ई-क्लासच्या सरकारी कुरणात दिसलं नाही पाह्यजे. दिसलं का कोंडवाड्यात."

संध्याकाळी तांड्याचा नायक बाबूसिंग घरी आला. बसला नाही. "दीडशे ढोरं हायेत तांड्यात, नेमसिंग. चाऱ्याबिगर किती दिवस उभे राह्यतीन? तुह्या घरचा हा गुंता तूच सोडव बाप्पा." तो गेला आणि त्या रात्री घरात कोणी भाकरी मोडली नाही.

सकाळी भुऱ्या अंगणात नव्हता. काट्यांचं कुंपण सरळ फोडून तो निघून गेला होता. त्याच्या पावलांचा माग वळणावळणाचा नव्हता, सुतानं आखल्यासारखा सरळ होता: कपाशीच्या पराटीतून, बांधावरून, बोराटीच्या जाळीतून आरपार. नाल्याच्या दरडीखाली तो सापडला. आडवा पडला होता. छातीत काटे रुतले होते आणि पाय अजून चालल्यासारखे हलत होते. हंसाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुपार कलायच्या आत पाय थांबले.

नेमसिंगनं तिथंच खड्डा खणायला घेतला. नाल्याकाठची चोपण माती, कुदळ लोखंडावर आपटल्यासारखी वाजत होती. भावकीतले दोघं मदतीला आले. कंबरभर खड्डा झाला तेव्हा हंसाबाईनं कमरेचा विळा काढला आणि ती भुऱ्याच्या पोटापाशी बसली.

"काय करून राह्यली?" नेमसिंग ओरडला.

"पाहून राह्यली."

"बाईमानूस हायेस तू! लोक थुंकतीन तोंडावर!"

भावकीतल्या दोघांनी तोंडं फिरवली. पण हातात काठी धरून, सुनेच्या चाहुलीनं आलेला धावजी दरडीवरून बोलला, "पाहू दे तिले. आपन लदेणीवाले. जनावर कायनं मेलं हे समजल्याबिगर माह्या बापानं कधी खड्डा बुजवला नाही."

तिनं विळा चालवला. वास एकदम अंगावर आला, तसा तिनं ओढणीचा पदर दातांत धरला. कोपरापर्यंत हात आत गेला. बकऱ्याची कलेजी तिनं जन्मभर चिरली होती, बोटानं दाबली तर फाटेल इतकी मऊ. भुऱ्याची कलेजी हाताला लागली ती वाळल्या कातड्यासारखी कडक. विळ्याची धार तिच्यावरून करकरत गेली. आतून ती पिवळट निघाली. मग तिनं पोटाची पिशवी उघडली. चघळलेल्या काडीकचऱ्यात बारीक चकचकीत दाणे होते, तपकिरी, एका बाजूनं वळलेले.

ते दाणे तिनं नाल्याच्या डबक्यात धुतले आणि धावजीच्या तळहातावर ठेवले. म्हाताऱ्यानं ते बोटांत फिरवले, दातानं फोडून पाहिले, थुंकले.

"मूग नाही, तूर नाही. बोरू-तागाच्या जातीचं काही हाये. रानातलं."

दुसऱ्या दिवशी हंसाबाई एकटीच ई-क्लासच्या कुरणाकडे गेली. उतारावरचं गवत पायाखाली मोडत होतं, त्याच्यात जीव राहिला नव्हता. मारवेल आणि पवन्या यांची नुसती पिवळी धाटं उरली होती. ती चालत चालत टेकडीच्या खांद्यावर आली आणि तिला आपल्याच घाघऱ्याचे घुंगरू वाजल्यासारखं वाटलं. ती थांबली. आवाज थांबला नाही. वारा वाहत होता आणि समोर दहा-बारा एकरांचा पट्टा खुळखुळ, खुळखुळ वाजत होता.

मांडीएवढी झुडपं. शेंड्याला अजून तुरीसारखी पिवळी फुलं, खाली फुगलेल्या शेंगा. काही हिरव्या, काही वाळून काळ्या झालेल्या. सगळ्या रानात एवढंच हिरवं होतं. तांड्यातली पोरं हाच खुळखुळा पायात बांधून नाचायची. तिनं एक शेंग फोडली. तेच दाणे. मग ती गुडघ्यांवर बसून रांगत पाहू लागली. शेळीनं खाल्लेला शेंडा कुरतडलेला असतो. घोड्याचा दात निराळा, तो वरचा शेंडा साफ कातरून नेतो. इथं शेंडेच्या शेंडे कातरलेले होते, आणि मधे मधे घोड्याची लीद पडली होती.

हा पट्टा तिला ओळखीचा होता. दोन वर्षांमागं पाटलांनी तो सरकारकडून एकसाली पट्ट्यानं, वर्षाच्या करारानं, घेतला होता. नांगर घालून जुनं गवत मुळासकट उपटून काढलं, अंबाडी पेरली. खडकाळ रान, पीक आलं नाही, तसं सोडून दिलं. गवत परत आलं नाही. मोकळ्या जमिनीवर हा पाहुणा आला.

"इथं कायले आली?" मागून देवरावाचा आवाज आला. "बंदी हाये, माहीत नाही काय?"

"ढोराले हाये. मानसाले नाही."

तिनं मूठभर झुडपं मुळासकट उपटली, ओढणीत बांधली आणि त्याच्या समोरून उतार उतरून थेट पाटलांच्या वाड्यावर गेली. देवराव मागून धावत होता. ओट्यावर ती थांबली नाही, वळसा घालून गोठ्याशी गेली.

घोडी फिरत होती. डोकं खाली, उजवा कान भिंतीला घासत, गोल, गोल. जमिनीत तिच्या टापांचा चर पडला होता. पलीकडच्या खुंट्याला तिची दीड वर्षांची शिंगी बांधलेली होती, तांबूस, बारीक पायांची. गव्हाणीत तोंड घालून ती गवत ओढत होती. पाटलांची बायको विमलताई दारात उभी होती, डोळे सुजलेले.

सदाशिवराव तणतणत आले. "तुले आत कोनं येऊ देल्लं?"

हंसाबाई शिंगीजवळ गेली, गव्हाणीतलं गवत दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि पाटलांच्या कानाशी नेऊन हलवलं.

खुळखुळ, खुळखुळ.

तिनं ती पेंढी त्यांच्या पायाशी टाकली. शेजारी ओढणीतली हिरवी झुडपं टाकली. वर भुऱ्याच्या पोटातले दाणे ठेवले.

"हे माह्या भुऱ्याच्या पोटात सापडलं. त्याची कलेजी दगड झाली व्हती, म्या या हातानं चिरून पाह्यली. हे टेकडीवरचं, जिथं तुमी नांगर घातला व्हता तिथलं. न् हे तुमच्या गव्हानीतलं. हे काही नेमसिंगनं चारलं नाही पाटील. हे गवत कोनं कापलं?"

पाटलांनी देवरावाकडे पाहिलं. देवराव म्हणाला, "टेकडीवर हिरवं दिसलं, मजुराईनं कापलं... गंजी रचली..."

"म्हशीही हेच खातात," पाटील म्हणाले. आवाजात मघाचा जोर नव्हता. "त्याईले काहून काही झालं नाही?"

"माह्या बकऱ्याही खातात. त्याईचं पोट रवंथाचं, पचवते. घोड्याले पचत नाही. चांगलं गवत असतं तवा घोडं याले तोंडही लावत नाही, कडू लागते. औंदा रानात दुसरं हिरवं हाये काय? न् वाळलं का कडूपना समजत नाही. दोन-दोन महिने थोडं थोडं पोटात गेलं. मंग एकदम पाडते."

घोडी फिरत होती. मग विमलताई पुढं झाली. तिनं शिंगीच्या गव्हाणीत हात घालून सगळं गवत ओढून बाहेर फेकलं, तळाचा चुरासुद्धा लुगड्याच्या पदरानं पुसून काढला.

"घोडी वाचते काय, हंसाबाई?"

"नाही. मी खोटं बोलनार नाही. शिंगीचे डोळे पाहू द्या." तिनं शिंगीची पापणी वर केली. किंचित पिवळी झाक, पण कडेला गुलाबी. "ही वाचन. माही रेवडीही अशीच हाये. ज्वारीचा कडबा, कोंड्याची आंबील, न् सावलीत ठेवाची. ओझं नाही, पळवनं नाही."

"तूच ने हिले," विमलताई म्हणाली. "तुह्या हाताखाली राह्यली तर जगन."

हंसाबाईनं शिंगीच्या मानेवरून हात काढला. "नेतो ना. पन एक हाये. माह्या मालकाचा बटवा चौघांत झटकला. बोलनंही चौघांतच झालं पाह्यजे."

पाटील पाठ फिरवून वाड्यात गेले. हंसाबाई शिंगीला न घेता परत आली.

तीन दिवसांनी घोडी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात पाटलांनी खळ्यातली गंजी पेटवली, सगळीच्या सगळी. दाणे तडतड फुटत होते, तांड्यापर्यंत ऐकू येत होतं. मग फुलसावंगीचा बाजार भरला त्या दिवशी, बाजाराला निघालेली माणसं मारुतीच्या पारावर थांबली असताना, सदाशिवराव तिथं आले. नेमसिंग रेवडीशिवाय, स्वतःच्या पाठीवर मिठाची गोणी आणायला निघाला होता.

"नेमसिंग," पाटील म्हणाले. पहिल्यांदा पुरं नाव. "घोडी माह्या गवतानं मेली. तुह्यावर आळ घेतला, तो खोटा व्हता. कुरण खुलं हाये." एवढं बोलायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. नेमसिंगनं मान हलवली आणि मान वर ठेवूनच पुढं चालू लागला. बाजारातून येताना त्यानं वाड्यातून शिंगी आणली.

पण कुरण खुलं झालं म्हणून हंसाबाईचं समाधान झालं नाही. "खुलं करून काय करता?" ती नायकाला म्हणाली. "दाने सांडले हायेत. पानी पडलं का दसपट उगवन." नायकाला पटलं. गावालाही पटवायचं होतं, ते काम विमलताईनं केलं.

महाराष्ट्र झाला त्या साली मृगानंतर टेकडीवर हिरवा गालिचा आला, आणि गालिचा सगळा खुळखुळ्याचा. आषाढात हंसाबाई तीस बायका घेऊन चढली, अर्ध्या तांड्यातल्या, अर्ध्या गावातल्या. पहिल्या दिवशी दोन्हीकडच्या बायका वेगवेगळ्या रांगेत बसल्या. गावातली सत्यशीला म्हणून एक तोंडाळ बाई होती, ती म्हणाली, "हे लमाणीन आता आमाले निंदन शिकवते काय?"

"निंदू नको," हंसाबाई म्हणाली, "उपट. खुरप्यानं कापलं का बुडातून चार फुटतात. मूळ आलं पाह्यजे वर."

सत्यशीलेनं खुरपं चालवलंच. आठ दिवसांनी हंसाबाईनं तिला तिच्याच रांगेत नेऊन दाखवलं: जिथं एक कापलं होतं तिथं चार कोंब हसत होते. सत्यशीलेनं खुरपं कमरेला खोचलं आणि उपटायला बसली. नंतर तिच्याइतकं खोल मूळ काढणारी दुसरी बाई नव्हती.

पावसानं माती भिजलेली असे तोवर मूळ सरसर निघे. उघडीप झाली की माती आवळून बसे आणि तळहाताला फोड येत. फोड फुटून हात चिकट होत, त्यावर चिंध्या बांधून बायका ओढत राहत. पाठीवर गोणपाटाची खोळ, पायांत चिखल. उपटलेलं तिथं ठेवायचं नाही, पाटीत भरून खड्ड्यात टाकायचं, हा हंसाबाईचा दंडक. फूल दिसायच्या आत रान मोकळं झालं पाहिजे, हा दुसरा. ती स्वतः रांगेच्या पुढं असे, आणि मागं राहिलेलं एकेक झुडूप दाखवायला परत मागं येई. तिची कंबर रात्री उभी राहू देत नसे, सकाळी ती पुन्हा टेकडीवर दिसे. नेमसिंगनं आणि तांड्यातल्या गड्यांनी नाल्याकाठून पवन्याची बुडखं खणून आणली आणि मोकळ्या जागेत लावली.

पहिल्या वर्षी एकवीस दिवस लागले. दुसऱ्या वर्षी नऊ. जमिनीत निजलेलं बी कुठून कुठून डोकं काढत होतं. तिसऱ्या वर्षी बायकांनी हसत खेळत तीन दिवसांत काम उरकलं आणि चौथ्या दिवशी तिथंच चूल मांडून सगळ्यांनी मिळून जेवण केलं. कार्तिकात टेकडीवर गुडघाभर पवन्या डुलत होता.

शिंगी तोवर घोडी झाली होती. तिचं नाव हंसाबाईनं शेवंती ठेवलं होतं. पाटील म्हणाले, "ठेव तुलेच." हंसाबाईनं नाही म्हटलं. "दान नको. अर्धेलीनं ठेवतो. घोडी तुमची, पहिलं शिंगरू माहं." पाटलांनी ते कबूल केलं. शेवंती वाड्यावर परत गेली त्या दिवशी तिच्या अंगावर असं तेज होतं, की बाया दारात येऊन पाहत राहिल्या. नेमसिंगनं तिला गावातून मुद्दाम हळूहळू चालवत नेलं.

त्रेसष्ट सालच्या माघात एक पाहुणा आला. बबनराव नावाचा, पार राळेगावकडचा शेतकरी. दोन एस. ट्या बदलून, पुढचं पायी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. गावात आला आणि रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा पाटलांच्या ओट्यावर बसला. त्याच्या गावात सहा महिन्यांत चार घोडी पडली होती, पाचवं भिंतीला डोकं लावून होतं. पुसदच्या गुरांच्या बाजारात कोणीतरी त्याला बोरखडीचं नाव सांगितलं होतं.

पाटलांनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि सालदाराला न सांगता स्वतः उठले. काठी टेकत त्याला घेऊन तांड्यावर आले. हंसाबाई अंगणात खोगीर शिवत बसली होती, दाभण बोटांत, दोरा दातांत. धावजी बाजेवर ऊन खात होता.

"हे राळेगावचे पाहुणे," पाटील म्हणाले. मग पाहुण्याकडे वळून, "ह्या हंसाबाई. आमच्या इकडच्या कुरणाचं जे काही हाये, ते यायलेच विचाराचं."

धावजीनं आवाजाच्या दिशेनं मान वर केली. नेमसिंग आतून बाहेर आला आणि दाराशी टेकून उभा राहिला.

बबनरावानं हात जोडले. "घोडं लय चांगलं हाये वो बाई. तुमच्यापाशी काय औषध असन ते द्या. मी आजच परत जातो."

हंसाबाईनं दोरा दातानं तोडला. "औषध नाही माह्यापाशी."

त्याचं तोंड उतरलं.

"तुमच्या गावात खुरपं धरनाऱ्या बाया किती हायेत?"

"बाया? असतीन... पन्नास-साठ."

"मंग झालं." ती उठली, घाघरा झटकला, कमरेला विळा खोचला. "चाला. पहिले तुमचं कुरण पाहू, घोडा मंग."